गणपतीच्या सोंगाचा मुखवटा

(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. कवठे महांकाळच्या तहसील कचेरीतला एक कारकून. नवा मुखवटा कसा झाला ते सांगा, अशी समितीची आज्ञा झाली म्हणून उभा आहे.

देवळाचे जुने माळवद उतरवताना तुळईच्या कोपऱ्यात गणपतीच्या सोंगाचा मुखवटा सापडला. निम्मा वाळवीने खाल्लेला, सोंड तुटलेली. माझे वडील तरुणपणी तोच चढवीत. एका देणगीदारांनी बाजारचा फायबरचा मुखवटा आणून देण्याची तयारी दाखवली. त्यांचा भाव मोठा, पण मी म्हटले, आधी कागदाचा करून पाहू.

नाटकाआधी गणपतीचे सोंग आणण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केले. तसल्या नाटकांत सूत्रधाराच्या स्तवनानंतर सोंडेचा गणपती येई, मग सरस्वती. कोकणच्या दशावतारात आणि जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही गणपतीचा मान पहिला.

चिकणमातीचा साचा केला. त्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा दिला, म्हणजे साचा सुटतो. पुढचे थर मैद्याच्या खळीने. कागद घरच्या वर्तमानपत्रांचा, कचेरीतला नव्हे, हे सांगून ठेवतो. पहिला मुखवटा घाईने उन्हात ठेवला आणि तडकला. दुसरा आठ दिवस सावलीत वाळवला. देवाला शूर्पकर्ण म्हणतात, म्हणून कानांना मोडक्या सुपाचे दोन तुकडे लावले. सोंड लगद्याने भरली तर पोराची मान खाली जाऊ लागली. ती काढून कामट्यांवर पोकळ केली आणि मागे डोक्याला पट्टा बांधला.

खरी अडचण डोळ्यांची. हत्तीचे डोळे बाजूला, माणसाचे समोर. रंगवलेल्या डोळ्यांतून पोराला काहीच दिसेना. पहिल्या तालमीत तो थेट समईवर गेला. समई कलंडली, भाजले नाही, ही देवीची कृपा. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सोंडेच्या मुळाशी दोन्ही अंगांना फटी पाडल्या, श्वासासाठी सोंडेखाली तोंड मोकळे ठेवले, आणि स्वतः घालून देवळाला एक प्रदक्षिणा केली. मगच पोराच्या डोक्यावर दिला.

आता जुन्याविषयी. काहींचे म्हणणे, त्याचे विसर्जन करावे. वाळवी लागलेला भाग आम्ही पाण्यात सोडला. कपाळाचा कागद धड होता. त्याच्या आत मोडी अक्षरे होती, ती मला वाचता आली नाहीत, आणि घामाचे डाग होते. तो कागद भिजवून नव्या कपाळाच्या लगद्यात मिसळला. हे मी समितीला विचारून केले. आईला मात्र नंतर सांगितले. ती काही बोलली नाही. नव्या कपाळावरून हात फिरवून तिने गंध लावले.

आज रात्रीच्या नाटकात मुखवटा चढेल. पुढे तो सभामंडपातील कपाटात राहील. उचलताना सोंडेला धरू नये, दोन्ही हात कानांमागे घालावेत.