आधी नजर, मग हात



डॉक्टरांनी गोठ्यात पाऊल टाकताच सुई भरली की मालकाला बरं वाटतं. मी मात्र उलटं सांगायला उभा आहे. पहिली पाच मिनिटं डॉक्टरांनी जनावराला हात लावू नये.

अनोळखी माणूस जवळ आला की गाय बिथरते, नाडी पळते. मग आपण मोजतो ती भीती. म्हणून श्वास लांबूनच, कुशीच्या हालचालीवर मोजायचे. पाठ कमानीसारखी झालीय का, शेण कसं पडलंय, गव्हाणीत वैरण तशीच आहे का, हे सगळं दारातून दिसतं.

मग हात. थर्मामीटर नुसता शेणात खुपसला तर आकडा खोटा येतो. तो आतल्या भिंतीला टेकला पाहिजे. गाईचं तापमान साधारण 101.5 अंश फॅरनहाइट. पण जत-आटपाडीच्या उन्हातून आत्ताच आणलेल्या म्हशीचा पारा आजाराशिवायही चढतो. तिला सावलीत बांधून पुन्हा बघा. नाडी शेपटीच्या मुळाजवळ, खालच्या अंगाला लागते. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली की दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोटाची लाट मुठीला उचलते. खांद्यापुढची गाठ सुजलीय, ताप आहे आणि गाय संकरित आहे, तर गोचीड तापाची शंका घ्यायची. शेवटी कास आणि चारही सडांच्या धारा.

आता दोन गाई बघा. तक्रार एकच: खात नाही. पहिली काल व्यालीय, मान कुशीवर टाकून बसलीय, कान गार. आजाराचं नाव दुग्धज्वर, पण थर्मामीटरला ताप नाही. रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. कृष्णाकाठी उसाच्या हंगामात वाढ्यांवरच जनावर पोसतात, आणि वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. दुसरी उभी आहे, पण कोपरं बाहेर काढून. उतारावर पाऊल टाकायला कचरते. वशिंडामागची कातडी चिमटली की निरोगी गाय पाठ खाली दबवते. ही दबवत नाही, कण्हते. वैरणीतून तार गेली असावी. दोघींना एकच भुकेची पावडर दिली, तर पहिली उठायची राहील आणि दुसरीची तार काळजापर्यंत जाईल.

हे ओळखायला प्रश्न लागतात. किती वाढे घातले? रवंथ कधी थांबला? दूध कोणत्या वेळेला कमी आलं? उत्तरं देतो समोर उभा असलेला मालक. खरं माहीत असतं ते मागे दाराआड उभ्या असलेल्या, रोज दोन वेळा धार काढणाऱ्या बाईला. मीही कित्येक वर्षं तिला विचारलं नाही. ती माझी चूक होती.

आपल्याच मातीतल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय 1988 पासून शिरवळला आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांना तपासणीचा क्रम पाठ असतो. घाईच्या मालकासमोर तो पाळणं अवघड जातं. तेव्हा मालकांनो, एवढं करा: घरात एक थर्मामीटर ठेवा, डॉक्टरांना पाच मिनिटं नुसतं बघू द्या, आणि धार काढणारीला पुढे बोलवा.