ठाण्याच्या दारातील सोबती

गुन्हेगार जमातींचा 1871 चा कायदा महाराष्ट्रास अपरिचित नाही. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत आणि तेथील हजेरी यांच्या आठवणी अनेक कुटुंबांत आजही सांगितल्या जातात. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग फारसा कोणास ठाऊक नसतो. त्या भागान्वये उत्तरेकडील प्रांतांत संशयित तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवली जाई. जमातींवरील जोखड 31 ऑगस्ट 1952 रोजी उतरले. पण जन्मावरून माणसास संशयित ठरविण्याची सवय कायद्याबरोबर संपली नाही. 2011 साली कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात 36 अ हे कलम आले आणि बेंगळुरूसारख्या प्रगत नगरीत तृतीयपंथीयांच्या नोंदवहीची तरतूद पुन्हा अवतरली.

या वेळी मात्र एक गोष्ट निराळी होती. ज्यांच्यावर हे कलम रोखलेले होते, त्यांच्यातच कायदा जाणणारी माणसे तयार झालेली होती. बेंगळुरूत 1999 साली ‘संगमा’ ही संस्था सुरू झाली. पोलिसांचा जाच सोसलेल्यांतूनच तिने आपले कार्यकर्ते घडविले. तमिळनाडूतून आलेल्या ए. रेवती तेथे साध्या कचेरीतील मदतनीस म्हणून लागल्या आणि पुढे संस्थेच्या संचालिका झाल्या. 36 अ कलमास लैंगिक अल्पसंख्याकांच्या संघटनेने उच्च न्यायालयात आव्हान दिले. 2017 पर्यंत त्यातील तृतीयपंथीयवाचक शब्द जाऊन तेथे ‘व्यक्ती’ हा शब्द आला.

असा कार्यकर्ता घडविणे म्हणजे त्यास भाषण शिकविणे नव्हे. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे आणि वकिलाचा सल्ला घेण्यास आडकाठी करता येत नाही, हे संविधानाचे 22 वे कलम सांगते. आप्तास वर्दी देण्याचा आणि अटकेचा पंचनामा करण्याचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात 1996 साली घालून दिला. हे सारे वकिलास पाठ असते. परंतु मध्यरात्री वकील जागेवर नसतो, शेजारी असतो. त्या शेजाऱ्याने न घाबरता ठाण्यात जावे, आवाज न चढविता नियम सांगावा, वेळ टिपून ठेवावी, जामिनाची खटपट करावी, हेच या शिक्षणाचे सार होय.

बाहेरच्या सुशिक्षिताने हे काम केल्यास चालणार नाही काय? काही अंशी चालेल. पण ज्याने स्वतः कोठडी पाहिली आहे, त्याच्यापाशी पीडित माणूस लाज न बाळगता बोलतो. अनुभव त्याच्यापाशी असतोच. त्यास कायद्याच्या ज्ञानाची जोड तेवढी द्यावी लागते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2009 च्या विधी स्वयंसेवक योजनेतही हे तत्त्व मान्य झाले आहे. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या सुशिक्षित बंद्यांनाही त्या योजनेत स्थान आहे.

अशा कार्यकर्त्यांकडे प्रशासनाने विरोधक म्हणून पाहू नये. नियमाची आठवण करून देणारा मनुष्य दारात उभा असला, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचे काम सोपेच होते. मात्र त्याचे शिक्षण एखाद्या दोन दिवसांच्या शिबिरावर उरकू नये. त्याच्या पोटापाण्याची तजवीज नसेल, तर तो हे काम फार दिवस करू शकणार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

‘संगमा’च्याच याचिकेतून कर्नाटकाने 2021 साली राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या. त्याआधी दहा वर्षे, 2011 साली, याच राज्याने ज्यांची नावे संशयितांच्या वहीत मागितली होती, त्यांची नावे आता सेवकांच्या हजेरीपटावर येऊ शकतात. हा पालट कोणाच्या दयेने घडलेला नाही. आपल्या माणसांसाठी कायदा शिकलेल्यांनी तो घडवून आणला आहे.