युद्धकाव्य आणि मागें राहिलेलीं माणसें
(गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



लढाईचें गाणें म्हटलें कीं आपल्या कानांत आधीं डफ घुमतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. शाहिरांनीं पोवाडे गाइले नसते तर १६७० सालीं सिंहगडावर तानाजी मालुसरे कसा पडला, हें आपणांस इतक्या जिवंतपणें कळलें नसतें. तानाजीच्या घरीं रायबाचें लग्न निघालें होतें, हें आज लहान पोरही सांगतें. पण त्याच रात्रीं जे मावळे गडावर पडले, त्यांच्या घरीं काय चाललें होतें? माघाचा महिना, कोणाचें रब्बीचें पीक उभें असेल, कोणाची बायको बाळंत व्हावयाची असेल. तीं घरें पोवाड्यांत सहसा येत नाहींत. शाहीर गड चढतो आणि गडावरच थांबतो.

आज आम्हांस बोलावयाचें आहे तें ह्या खालच्या घरांविषयीं. आई रडली, बायकोनें कपाळ पुसलें, असें लिहिणें सोपें आहे. दरबारी भाट तर त्याहूनही सोपी वाट धरितो. तो आईच्या तोंडीं अभिमान घालतो आणि मोकळा होतो. आईस अभिमान वाटतच नाहीं असें आमचें म्हणणें नव्हे. पण त्या वर्षीं औत कोणी धरिलें, सारा कोणी भरिला, हें भाट विचारीत नाहीं. कष्टकऱ्याच्या घरचा शोक नुसता डोळ्यांत नसतो. तो रिकाम्या दावणींत आणि थंड भट्टींतही असतो. तो तेथें जाऊन ज्यानें पाहिला, असा एक कवि चीन देशांत होऊन गेला. त्याचें नांव दू फू. जन्म ७१२, मृत्यु ७७०. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीं नऊशें वर्षें.

त्या वेळीं चीनवर तांग घराण्याचें राज्य होतें. बादशहास सरहद्दी वाढवावयाची हौस फार. सुमारें ७५० सालीं दू फूनें लष्करी गाड्यांवर एक कविता लिहिली. भरतींत धरलेले लोक रस्त्यानें चालले आहेत, आईबाप आणि बायका धुळींतून मागें धांवतात, अंगरखे धरून ओढतात. इतकें तर कोणीही लिहील. पण पुढें एक शिपाई बोलूं लागतो आणि कविता थेट शेतांत शिरते. गांवें काट्याकुट्यांनीं भरलीं; धट्ट्याकट्ट्या बायकांनीं नांगर धरिला, तरी पिकाच्या ओळी धड येत नाहींत; आणि अशांतच सरकारचा माणूस साऱ्यासाठीं दारांत उभा. शेवटीं तो शिपाई म्हणतो कीं मुलगा होण्यापरीस मुलगी झालेली बरी, ती निदान शेजारच्या घरीं तरी देतां येते. मुलगी झाली कीं तोंडें उतरावयाचीं, ही रीत त्या देशांतही होतीच. ती रीत जेथें उलटी झाली, तेथें दुःख किती खोल गेलें असेल तें पाहावें.

हा कवि अंमलदाराच्या कुळांतला. त्यास सारा माफ, भरतीही माफ. तरी ७५५ च्या हिवाळ्यांत तो बायकापोरांस भेटावयास गेला तेव्हां दारांतच रडणें ऐकूं आलें; त्याचें तान्हें मूल उपासानें गेलें होतें. त्यावर लिहितांना तो आपल्याच पोरापाशीं थांबत नाहीं. आपणांस माफी असून ही दशा, मग ज्याची जमीन गेली, जो दूरच्या ठाण्यावर पहाऱ्यास गेला, त्याच्या घरीं काय असेल, हा विचार तो करितो. माफी खाणाऱ्या वर्गांत असें बोलणारे थोडे निघतात, म्हणून आम्ही हें मुद्दाम सांगितलें.

त्याच हिवाळ्यांत आन लुशान नांवाच्या सेनापतीनें बंड केलें. तें ७६३ पर्यंत चाललें. ७५९ च्या वसंतांत सरकारी फौजेचा मोठा मोड झाला आणि गांवोगांव माणसें धरणें सुरू झालें. दू फू तेव्हां त्याच मुलखांतून प्रवास करीत होता. शहाओ नांवाच्या खेड्यांत तो रात्रीं उतरला. अंमलदार माणसें धरावयास आला. घरचा म्हातारा भिंतीवरून उडी टाकून पळाला. म्हातारी दारांत गेली. आंतून कवि ऐकतो आहे. म्हातारी सांगते : तीन लेक फौजेंत गेले, एकाचें पत्र आलें, दोघे नुकतेच पडले. घरांत आतां पुरुषमाणूस नाहीं, अंगावर पिणारा नातू तेवढा आहे. त्याची आई आहे, पण बाहेर यावें तर तिला नेसावयास धड वस्त्र नाहीं. मी म्हातारी खरी, पण मला न्या, सकाळची न्याहारी तरी रांधून देईन.

ही बाई दुःख शब्दानें बोलून दाखवीत नाहीं. ती हिशेब देते. लेक किती, पैकीं मेले किती, घरांत तोंडें किती, लुगडीं किती. आणि तो हिशेब देतां देतां ती म्हाताऱ्यास वांचविते, सुनेस वांचविते, स्वतः जाते. पुढें रात्र चढते, बोलणें थांबतें, दबलेलें रडणें ऐकूं आल्यासारखें होतें. सकाळीं पाहुणा निघतो तेव्हां निरोप घ्यावयास एकटा म्हातारा उरलेला असतो. कवितेंत ह्याहून अधिक कांहीं नाहीं.

कवि स्वतः अंमलदार, मग तो मध्यें कां पडला नाहीं, असें विचारणारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही इतकेंच म्हणूं कीं स्वतःस सोडविण्यासाठीं त्यानें एक ओळही खर्चिली नाहीं.

त्याच फेरींतल्या दुसऱ्या एका कवितेशीं मात्र आम्ही वाद घालूं. संध्याकाळीं लग्न लागलें आणि पहांटे नवरा फौजेंत निघाला. ती नवी नवरी शेवटीं त्यास सांगते कीं माझा विचार करूं नका, लष्कराची चाकरी नेटानें करा. राज्य टिकावें अशी कवीची तळमळ होती, ती त्यानें तिच्या तोंडीं घातली असें आम्हांस वाटतें. पण ती गरिबाची पोर, मोठ्या मिनतवारीनें मिळालेली रेशमी चोळी पुन्हां घालणार नाहीं म्हणते आणि नवऱ्यासमोर तोंडावरचा रंग धुऊन टाकते, तेथें आमचा वाद नाहीं. आणखी एका कवितेंत एक शिपाई मोड झाल्यावर गांवीं परततो. शंभर घरांच्या वस्तींत एकदोन विधवा म्हाताऱ्या आणि कोल्हे. पांच वर्षांपूर्वीं गेलेल्या आईस नीट मातीही मिळालेली नाहीं. आणि त्यास पुन्हां भरतींत ओढतात, तेव्हां निरोप द्यावयास घरांत कोणी नाहीं.

बंडापूर्वीं, ७५५ च्या सरकारी गणतींत सुमारें ५ कोटी २९ लाख माणसें होतीं. ७६४ च्या गणतींत १ कोटी ६९ लाख. तितके सगळे मेले असें नव्हे. पुष्कळ पळाले, पुष्कळांचीं नांवें दप्तरांतून गळालीं. पण म्हातारीचा हिशेब दप्तरांत नव्हता, हें खरें.

चीन दूर आहे, पण अशी घरें दूर नाहींत. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कूत येथें वेढ्यांत अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज शरण गेली. पुष्कळ शिपाई कैदेंतच मेले. घरीं वाट पाहणाऱ्यांचे ते दिवस कसे गेले असतील? त्या युद्धानंतर आपल्याकडे कित्येक गांवांत सरकारनें दगडी पाट्या बसविल्या, त्या अजून आहेत. ह्या गांवचे इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहींत, एवढेंच त्यांवर आहे. बहुतेक पाट्यांवर नांवेंसुद्धां नाहींत.

त्याच युद्धांत विलायतेंत मोठे कवि झाले. विल्फ्रेड ओवेन हा त्यांतला एक. १९१७ सालीं त्यानें लिहिलेल्या एका कवितेच्या शेवटीं रणांगण सुटतें आणि घरें दिसतात, तरुण मुलींचे पांढरे पडलेले चेहरे, संध्याकाळीं खिडक्यांवर ओढलेले पडदे. कविता फार चांगली आहे. पण तें घर खंदकांतून पाहिलेलें आहे, त्यांतलें कोणी बोलत नाहीं. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं पडला. आईस तार पोंचली ती ११ तारखेस, लढाई थांबल्याच्या दिवशीं. पुढें १९२० सालीं तिनें रवींद्रनाथ ठाकुरांस पत्र लिहून कळविलें कीं शेवटचा निरोप घेतांना मुलानें त्यांच्याच गीतांजलींतले शब्द उच्चारले होते. आईचें बोलणें आपणांस मिळतें तें असें, पत्रांत.

आपल्या बायांस पत्र लिहितां येत नव्हतें. त्यांना जातें होतें. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनीं खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमविल्या, तेव्हां तें भांडार केवढें आहे तें शिकलेल्यांस कळलें. आतां जातीं बहुतेक घरांतून गेलीं, पण म्हाताऱ्या बायांच्या तोंडीं ओव्या आहेत. पलटणींत गेलेल्या लेकाची, भावाची, न आलेल्या मनिऑर्डरीची ओवी ज्यांच्या घरीं कोणास येत असेल, त्यांनीं ती उतरून शाळेंत आणून द्यावी. उतरतांना शब्द सुधारूं नयेत. बाई जसें म्हणेल तसेंच लिहावें, आणि वर तिचें नांव घालावें.