मोजदाद आणि साक्ष

एखाद्या जनसमूहावर आपत्ती कोसळली की प्रथम त्याची मोजदाद होते. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची वेळ पुष्कळ उशिरा येते. पॅलेस्टिनी लोकांविषयीच्या संशोधनाची वाटचाल अशीच झाली आहे.

१९४८ साली सुमारे सात लक्ष पॅलेस्टिनी आपल्या घरादारास मुकले. पुढील दोन दशके पाश्चात्त्य लेखनात ते बहुधा ‘अरब निर्वासित’ एवढेच राहिले. शिधा किती, तंबू किती, पुनर्वसन कोठे, हेच प्रश्न विचारले जात. निर्वासिताला काल असतो, गाव असते, याची दखल क्वचितच घेतली जाई.

ही उणीव पॅलेस्टिनी विद्वानांनीच भरून काढावयास घेतली. १९६३ साली बैरूत येथे पॅलेस्टाइन अभ्यास संस्था निघाली. तिचे एक संस्थापक वालिद खालिदी यांच्या संपादनाखाली १९९२ साली जो ग्रंथ सिद्ध झाला, त्यात उजाड झालेल्या चारशेंहून अधिक खेड्यांची गाववार नोंद आहे. दरम्यान इस्रायलची सरकारी दप्तरे खुली झाली आणि १९८० नंतरच्या दशकात बेनी मॉरिस, इलान पाप्पे, आवी श्लाइम या इस्रायली इतिहासकारांनी जुन्या समजुतींची फेरतपासणी केली. मॉरिस यांच्या मते विस्थापन युद्धाच्या ओघात घडले. पाप्पे यांच्या मते ते योजनापूर्वक घडविले गेले. कागद तेच, पण त्यांचा अर्थ मात्र वेगळा.

परंतु दप्तरात बहुधा सत्तेचाच आवाज उमटतो. म्हणून रोझमेरी सायिघ यांनी लेबनॉनमधील छावण्यांत जाऊन एकेकाळच्या शेतकऱ्यांच्या तोंडून त्यांची हकीकत ऐकली. त्यांचे पुस्तक १९७९ साली निघाले. बिशारा दुमानी यांनी १९९५ सालच्या ग्रंथात शरियत न्यायालयांच्या नोंदी चाळून नाब्लुसचे व्यापारी, शेतकरी, तेल आणि साबण यांचा दोन शतकांचा इतिहास उभा केला. निर्वासितांच्या मागे एक नांदता समाज होता, हे त्यामुळे दिसून आले. अलीकडे ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील वसाहतींशी तुलना करण्याचा प्रघात वाढला असून त्यावर विद्वानांत तीव्र मतभेद आहेत.

मात्र अभ्यासाला साधने लागतात. १९८२ साली बैरूतमधील पॅलेस्टिनी संशोधन केंद्राचे दप्तर इस्रायली सैन्याने उचलून नेले. ते पुढल्या वर्षी परत मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धात गाझातील विद्यापीठांच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. दृष्टी बदलण्यास एक पिढी पुरते. पण जळालेला कागद आणि न नोंदताच निवालेला आवाज कोणत्याही पिढीला परत मिळत नाही.