पसंतीची यादी भरताना आईनं शेजारी बसावं

मी वाशीहून बोलतेय. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. मालक इथल्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी, म्हणून लग्नानंतर इकडे आले. आज बारावीनंतर मुलीचं कॉलेज कसं निवडायचं यावर बोलणार आहे. मी काही शिकलेली बाई नाही. आमची एक चूक झाली, ती तुमची होऊ नये म्हणून सांगते.

थोरलीनं 2019 साली बारावी केली. सीईटीला मार्क चांगले पडले. तिच्या मनात कराडचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज होतं. आम्ही म्हटलं, पोरगी डोळ्यासमोर पाहिजे, होस्टेल नको. ती गप्प बसली. ओळखीतला एक जण म्हणाला, फेरीची वाट कशाला बघता, जवळच्या कॉलेजात थेट जागा मिळवून देतो. आम्ही हो म्हटलं. पैसे भरल्यावर कळलं की ती जागा मॅनेजमेंट कोट्यातली. सरकारी फेरीतून गेलो असतो, तर तेव्हाच्या योजनेत अर्धी फी सरकार भरणार होतं. कोट्यातल्या जागेला ते लागू नव्हतं. चार वर्षं पूर्ण फी भरली. माझ्या पाटल्या गेल्या, बचत गटाचं कर्ज झालं. पोरगी आज नोकरीला आहे, पण "आई, मला एकदा विचारायचं तरी होतंस" हे तिचं वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आता नियम आणखी चांगला झालाय. 8 जुलै 2024 ला राज्य सरकारनं निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींची, आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खाजगी कॉलेजातसुद्धा. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही, खाजगी विद्यापीठांना नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे. म्हणून कुणी "थेट जागा देतो" म्हणालं, की पहिला प्रश्न विचारा: ही जागा कॅपमधली आहे का?

दुसरी गोष्ट, पसंतीची यादी. फेरीत आपण कॉलेजांची नावं क्रमानं भरतो. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं तर ते पक्कं होतं, मग बदल नाही. म्हणून जवळ आहे एवढ्यासाठी एखादं नाव पहिलं टाकू नका. मुलीला मनापासून हवं ते वर, मिळण्यासारखं मध्ये, खात्रीचं खाली. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलीकडून वाचून घ्या. आणि फॉर्म सायबरवाल्यावर सोडू नका, आपण शेजारी बसा. इंग्रजी येत नसलं तरी नंबर मोजता येतात.

तिसरी गोष्ट कागद. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर. वैधतेला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न बघता बारावीच्या वर्षातच अर्ज करा. मुलीचं बँक खातं आधारला जोडा. महाडीबीटीवरचा अर्ज एकदा भरून भागत नाही, दरवर्षी भरावा लागतो.

आता खर्चाचं खरं बोलते. फी माफ झाली म्हणजे सगळं फुकट झालं असं नाही. राहणं, मेस, एसटी, पुस्तकं हे उरतंच. त्यासाठीही योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार, शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अटी वेगवेगळ्या आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा, लाजू नका.

जवळचं कॉलेज वाईट असतं असं मी म्हणत नाही. आमच्या वाशीतच रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज आहे. माथाड्यांची, गाववाल्या आगरी-कोळ्यांची कितीतरी पोरं तिथे शिकली. भाऊरावांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ते दागिने सत्कारणी लागले. माझ्या पाटल्या अजाणतेपणात गेल्या. जवळचं कॉलेज घ्या, पण विचार करून घ्या. भीतीनं घेऊ नका.

धाकटीच्या वेळी, 2024 ला, आम्ही तिघी बसलो. थोरली वाचायची, धाकटी क्रम सांगायची, मी वहीत प्रत्येक कॉलेजचा खर्च मांडायची: फी किती, माफी किती, मेस किती, गावी यायला एसटी किती. तिसऱ्या नंबरचं कॉलेज मिळालं, घरापासून लांब, होस्टेलवर. शिक्षण फी शून्य. मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला जमवताना अजून ओढाताण होते. मालक पहिले दोन महिने धड जेवले नाहीत. आता रविवारी तिचा फोन आला की तेच आधी उचलतात.

तेव्हा एक करा. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की विचारा, यंदा कुणाची मुलगी बारावीला आहे? तिचे कागद कुठवर आलेत? आणि तिला कुठे शिकायचंय, हे तिला कुणी विचारलंय का?