प्रबंधाला पैसा, आणि प्रबंधकाराला पीठ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. विद्वानांनी आपले ज्ञान कोठीबंद न ठेवता ते चारचौघांपुढे मांडावे, हा त्यामागचा हेतू. आज मी जो विषय निवडला आहे तो वरवर पाहता विद्यापीठातल्या चार भिंतींचा वाटेल. ज्या समाजांतून आजवर प्राध्यापक फारसे निघाले नाहीत, त्या समाजांतल्या तरुणांना प्रबंध पुरा करण्यासाठी आणि शिकवण्याचा अनुभव मिळण्यासाठी द्यावयाच्या अधिछात्रवृत्त्या, हा तो विषय. पण तो तुमच्या घरातला आहे असे मला वाटते, आणि ते कसे, एवढेच मी सांगणार आहे.

आरंभ एका प्रसिद्ध उदाहरणाने करतो. १९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी एका बाविशीतल्या पदवीधराला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. हा पदवीधर म्हणजे भीमराव आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम.ए. केले, १९१६ साली जातिसंस्थेवर निबंध वाचला, डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि पुढच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली. अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. सामानातली पुस्तके वेगळ्या बोटीने यायची होती. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली.

यानंतरचा भाग आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास हजर झाले. पगार होता, हुद्दा होता, महाराजांचा लोभ होता. पण त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते उतरले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. महाराजांनी पैसा दिला, पण विद्वानाला बसावयास जी जागा लागते ती समाजाने दिली नाही. तीन वर्षांची गुंतवणूक एका खोलीअभावी वाया जाऊ पाहत होती.

ती वाया गेली नाही, याचे एक कारण शिक्षकाची खुर्ची. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जागा तात्पुरती, पगार साडेचारशे. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पण वर्गात ते अधिकाराने उभे राहिले. त्या पगारातून साठवलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर तेथील डी.एस्‌सी. झाले. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने छापला गेला आणि १९२७ साली त्यांना रीतसर पीएच.डी. मिळाली. वृत्ती सुरू झाल्यापासून पदवी हाती येईपर्यंत चौदा वर्षे! मुदत मात्र तीन वर्षांची होती.

यावरून मी एवढेच म्हणतो की, प्रबंधाला पैसा लागतो तसेच प्रबंधकाराला पीठ लागते. पीठ म्हणजे बसावयास खोली, शिकवावयास वर्ग, आणि 'काय लिहिलेस, दाखव' असे म्हणणारा सहकारी.

अमेरिकेत पदवीपर्यंतचे शिक्षण देणारी काही लहान निवासी महाविद्यालये आहेत. त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या वर्गांत काळे आणि आदिवासी विद्यार्थी येऊ लागले, पण शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यापैकी जवळजवळ कोणी नाही. म्हणून त्यांनी अशी सोय केली की, प्रबंधाच्या अखेरच्या टप्प्यावरील अशा अभ्यासकाला वर्षभर बोलवावयाचे, वेतन द्यावयाचे, एखाददुसरा विषय शिकवावयास द्यावयाचा आणि बाकीचा वेळ लेखनाला मोकळा ठेवावयाचा. यात उपकार एकतर्फी नाही. अभ्यासकाला शिकवण्याचा सराव होतो, आणि विद्यार्थ्याला आपल्यासारख्या घरातला माणूस फळ्यापाशी उभा दिसतो.

आपल्याकडे काय आहे? पैसा आहे, आणि तो असावा यासाठी पुष्कळांनी कष्ट घेतले आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती, अशा संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. आपल्या आगरी मुलामुलींना महाज्योतीचे दार उघडे आहे, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. पण ही रक्कम वेळेवर आणि पुरी मिळावी म्हणून संशोधकांना आंदोलने करावी लागली आहेत. आणि ती मिळाली तरी पुढे काय? प्रबंध संपतो, वृत्ती थांबते, आणि डॉक्टर झालेला तरुण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, या गावाहून त्या गावाला शिकवत हिंडतो.

माझी एक विद्यार्थिनी खाडीकाठच्या गावातली. खारजमिनीचे बांध पूर्वी गाव मिळून कसे राखत असे, हा तिचा विषय. वृत्तीचे पैसे उशिरा का होईना, आले. तिसऱ्या वर्षी मला भेटली तेव्हा म्हणाली, "सर, पैशांचा हिशेब सगळे विचारतात. काय लिहिलं, ते कोणीच विचारत नाही." मी तेव्हा गप्प बसलो. आज हे व्याख्यान त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून देत आहे.

कोणी म्हणेल, प्रबंध कोणी का लिहीना, ज्ञान ते ज्ञान. मला हे पुरते पटत नाही. उत्तर शोधण्याची रीत सर्वांची एकच असते हे खरे, पण प्रश्न कोणता घ्यावयाचा हे माणसाच्या जगण्यातून ठरते. १९३३ साली अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली आगरी कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो वर्षानुवर्षे चालला. त्या कुळांच्या पाठीशी डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अर्थशास्त्राची परदेशी पदवी त्या वेळी कोकणातल्या कुळाच्या कामी आली. बडोद्याचे ते साडेअकरा पौंड अशा रीतीने आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतापर्यंत पोहोचले.

पीठाचे मोल ज्याने सोसून जाणले, त्यानेच पुढे पीठे उभारली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले. सिद्धार्थमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत.

आता तुमच्याविषयी. काल्हेर, कशेळी, पूर्णा या पट्ट्यात भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत. देशभरचा माल येथे उतरतो आणि चढतो. या बदलाचा अभ्यास कोणी करावयाचा? जमीन विकलेल्या घरात जन्मलेल्या मुलीने तो करू नये काय? भिवंडी-ठाण्यात महाविद्यालये आहेत, आणि तुमच्यात भाडे घेणारे गोदाममालकही आहेत. दोघांनी मिळून दरसाल एका अभ्यासकाला वर्षभराचे वेतन, एक खोली आणि एक वर्ग द्यावा. अट एकच. वर्षाच्या शेवटी त्याने याच व्यासपीठावरून आपले काम तुम्हाला सांगावे, आणि तुम्ही त्याला प्रश्न विचारावेत.

एवढे झाले तर पुढच्या वसंतात येथे माझ्यासारखा पाहुणा बोलवावा लागणार नाही. तुमच्यातलेच कोणी येथे उभे असेल, आणि मी श्रोत्यांत बसून ऐकेन.