पेटीवादकापुढें नवी पेटी

बारामतीला अगदीं लागून जळोची हें गांव आहे. कविवर्य मोरोपंतांचें वास्तव्य ज्या बारामतींत झालें, तिच्याच शेजारचें. आषाढवारींत तुकोबारायांची पालखी बारामतीस मुक्काम करून सणसर, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुराकडे जाते. अशा मुलखांत भजन कोणाला मुद्दाम शिकवावें लागत नाहीं; तें कानांवरून अंगांत उतरतें. वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी एवढ्या सामग्रीवर रात्र जागविणारीं मंडळें या भागांत आजही आहेत.

अशा मंडळांतील एखाद्या मुरलेल्या पेटीवाल्यापुढें त्याच्या मित्रानें अरेंजर कीबोर्ड आणून ठेवला आणि "जरा वाजवून पाहा" असें म्हटलें, तर पहिलें उत्तर बहुधा नकाराचेंच येईल. तो म्हणेल, हें परकें वाद्य. यांत आपले सूर नाहींत. शिवाय यंत्रच ठेका धरणार असेल, तर पखवाजवाल्यानें घरीं बसावें कीं काय? हे तिन्ही आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. मित्राला नव्या वाद्याकडे वळवूं पाहणारानें त्यांचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम हें वाद्य आहे तरी काय, तें पाहूं. याच्या पट्ट्या पियानोसारख्या असून त्यांचे दोन भाग कल्पिलेले असतात. उजव्या भागावर चाल वाजवावयाची. डाव्या भागावर दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या, कीं त्या स्वरसमूहाला अनुसरून खालचा आधारस्वर, तंतुवाद्यांचा भरणा आणि ठेका हीं सारीं आंतील यंत्र आपण होऊन चालवूं लागतें. प्रारंभ, मधला भराव आणि समाप्ति यांसाठीं निराळीं बटणें असतात. जपानच्या कॅसिओ कंपनीनें आपलें पहिलें विद्युत्-वाद्य १९८० सालीं बाजारांत आणलें, आणि तिचें नांव आपल्याकडे इतकें रुळलें कीं कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डाला पुष्कळ लोक कॅसिओच म्हणतात. भारतासाठीं म्हणून काढलेल्या यामाहा व कॅसिओच्या कांहीं वाद्यांत तबला, तानपुरा आणि देशी ठेकेही भरलेले आहेत.

आतां परकेपणाचा आक्षेप. पेटी तरी कोठली? अलेक्झांद्र दबें यानें हार्मोनियमचा हक्क नोंदविला तो पॅरिस येथें, १८४२ सालीं. मांडी घालून बसणाऱ्या गवयाला सोयीची हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं घडविली. महाराष्ट्रांत संगीत नाटकांनीं तिला मानाचें पान दिलें. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे केवढे किमयागार होते, हें सांगावयास नकोच. गंधर्व नाटक मंडळीच्या रंगभूमीवर तर पायांनीं भाता चालवावयाचा ऑर्गन निनादत असे.

तरीही या पेटीला सुखानें नांदूं दिलें गेलें नाहीं. तिचे स्वर अचल आहेत, तिला मींड घेतां येत नाहीं, या कारणांस्तव १९४० च्या मार्चपासून नभोवाणीनें तिला आपल्या केंद्रांत बंदी केली. हा निर्बंध कांहीं अंशीं सैल झाला तो १९७१ सालीं. पण वादकांनीं पेटी टाकली नाहीं. पी. मधुकरांनीं ती वाजविली. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना याच वाद्याच्या सेवेबद्दल २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. जिला एकदां परकी म्हणून दाराबाहेर उभें केलें, तिच्याच वादकानें दुसऱ्या वाद्याला त्याच शब्दांत दार लावावें, हें फारसें न्यायाचें नव्हे. वाद्य कोठें जन्मलें यापेक्षां तें कोणाच्या हातीं पडलें, याला संगीतांत अधिक महत्त्व आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांतील पुंगी सर्वांच्या कानांत आहे. पण ती कल्याणजींनीं क्लॅव्हिओलिन नांवाच्या विद्युत्-वाद्यावर काढलेली होती!

दुसरा आक्षेप सुरांचा. येथें एक चमत्कारिक गोष्ट आढळते. पेटीवरचे बारा स्वर समान अंतरांनीं लावलेले असले, तर तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यांतून ऐकूं येणाऱ्या गांधाराहून चढा लागतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर हा फरक सुमारें चौदा भागांचा भरतो. पेटींत तो काढावयाचा म्हणजे कारागिराकडून एकेक सूर घासून घ्यावा लागतो, आणि मग पट्टी बदलली कीं सारेंच बिनसतें. उलट, जरा वरच्या प्रतीच्या अरेंजर कीबोर्डांत प्रत्येक स्वर अशा शतांशांनीं वर-खालीं करण्याची सोय असते. अरबी संगीतांतील पाव स्वर वाजविणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग होतो. तेव्हां ज्या दोषासाठीं पेटीला तीस वर्षें शिक्षा भोगावी लागली, तो या नव्या पेटींत वादकाला घरबसल्या कमी करतां येतो. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, एका बटणानें सूर सरकतो आणि बोटांची संवय मोडावी लागत नाहीं.

पण उणीवही सांगितली पाहिजे. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, आणि अभंगाचा भाव त्या भात्याच्या दाबांतून चढतो-उतरतो. नव्या वाद्याला भाता नाहीं. तेथें बोटाचा आघात आणि पायाखालची पट्टी यांनीं तें काम करावयाचें असतें. रिकामा झालेला डावा हात पहिल्या दिवशीं अगदीं पोरका वाटतो. शिवाय यंत्रांतील स्वरसमूहांची रीत पाश्चात्य आहे. भूपाला किंवा मालकंसाला ती जशीच्या तशी लावली, तर वर्ज्य स्वर नकळत घुसतात. ज्या रागांत पंचम वर्ज्य नाहीं, तेथें यावर सोपा उपाय असा कीं, डाव्या हातानें केवळ षड्ज व पंचम दाबावे. पुष्कळ वाद्यें एवढ्यावरच साथ धरतात, आणि रागाला धक्का लागत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो माणसाचा आहे. भजनांत गाणारा एखाद्या चरणावर थांबतो, तोच चरण पुन्हां घेतो, गजरांत लय वाढवितो. आणि पखवाजवाला त्याच्या तोंडाकडे पाहून हात आंवरतो किंवा सोडतो. यंत्राचा ठेका कोणाच्या तोंडाकडे पाहत नाहीं. लय वाढविण्याचें बटण त्याला असतें, ऐकणारा कान नसतो. म्हणून जेथें पखवाजवाला बसला आहे, तेथें यंत्राचा ठेका बंद ठेवावा, हा नियम मित्रानें पहिल्याच दिवशीं मान्य करावा. दहा-वीस रुपये वांचविण्यासाठीं किंवा रुबाबासाठीं माणूस उठवून तेथें यंत्र बसविणें, हा कलेचा आणि शेजारधर्माचा दोहोंचाही अपमान आहे.

मग यंत्राचें स्थान कोठें? जेथें माणूस नाहीं तेथें. गांवांतील तरुण नोकरीसाठीं पुण्यास गेले, तबल्याला कोणी उरलें नाहीं, असें स्त्रियांचें भजनी मंडळ. पन्नास मुलांना एकटीनें गाणें शिकविणारी शाळेंतील बाई. दिवसभर शेतांत राबून रात्रीं एकट्यानेंच रियाझ करणारा गायक. यांना ठेक्याची व तानपुऱ्याची जोड मिळाली तर कोणाचें कांहीं जात नाहीं, आणि एक मुकें राहिलें असतें तें गाणें ऐकूं येतें.

मित्राचें मन वळवावयाचें तें वादानें वळणार नाहीं. शंभर बटणांचें प्रदर्शन मांडूं नये. यंत्रांतील तयार चाली ऐकवून त्याला दिपवूं तर मुळींच नये. त्यानें वादकाचा अभिमान दुखावतो, आणि तो योग्य तऱ्हेनेंच दुखावतो. वाद्य त्याच्या पट्टींत लावून द्यावें, ठेका बंद ठेवावा, पेटीच्या जवळचा आवाज निवडावा आणि त्याचाच आवडता अभंग वाजवूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं तानपुरा सुरू करावा. मग संथ लयींत एखादा ठेका. डावा हात सर्वांत शेवटीं. लहान वाद्यें सेलवरही चालतात, म्हणून वीज गेल्याचें निमित्तही उरत नाहीं. आठ दिवस तें त्याच्या घरीं ठेवून मित्रानें आपल्या कामास लागावें.

आठ दिवसांनीं त्यानें वाद्य परत केलें तरी राग मानूं नये. वाजवून मग नको म्हणणाऱ्याचा नकार हा जाणत्याचा नकार असतो. मात्र त्यानें "आणखी चार दिवस राहूं द्या" असें म्हटलें, तर समजावें कीं भजनी मंडळाच्या पेटीला गांवांत एक जोडीदार मिळाला.